असू दे

माझ्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. नको असलेली गोष्टही ते निमूट करतात असं मात्र समजू नका, तेवढे भोळे ते नाहीत. फक्त तो शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी जेवायला बसले, तेव्हा आई आग्रहानं आमटी वाढायला आली. हे "असू द्या, असू द्या" म्हणत राहिले आणि हात वाटीवर आडवा धरला. आईनं शब्द ऐकला, हात पाहिलाच नाही. कटाची कढत आमटी जावयाच्या बोटांवर ओतली गेली. तरी हे म्हणतात, "असू द्या."

त्या दिवशी मी धडा घेतला. सुकुमार मगदूम या माणसाचं तोंड ऐकायचं नाही, हात बघायचा. "चहा घेणार?" "असू दे." म्हणजे नको. "भिंतीवरचा डाग पुसू?" "असू दे." म्हणजे राहू दे तसाच. "चुकलं माझं." "असू दे." म्हणजे सोडून दिलं. कुठला अर्थ घ्यायचा ते माणसाच्या तोंडाकडे, मानेकडे, हाताकडे बघून ठरतं, आणि आपण ते इतकं नकळत ठरवतो की ठरवतोय हेही कळत नाही.

गळीत हंगामाच्या मुहूर्ताच्या सकाळीही हेच झालं. नदीपलीकडच्या साखर कारखान्यात मोळीपूजन होतं आणि चेअरमननी खुद्द यांना बोलावलं होतं. कारखान्याच्या नव्या कॉम्प्रेसरचा इम्पेलर यांनी केलेला, म्हणून यांच्या हस्ते नारळ. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हे स्वयंपाकघरात बसले होते. गडबडीत मी चहात साखर घालायचीच विसरले.

"अहो, साखर राहिली. घालू?"

"असू दे," हे म्हणाले, आणि हात गेला साखरेच्या डब्याकडे. म्हणजे, तू बस, माझी मी घेतो. मी हसले. एवढ्या वर्षांनीसुद्धा मला त्या हाताचं कौतुक वाटायचं, खोटं कशाला सांगू.

"तूबी आली असतीस तर बरं झालं असतं," चमचा ढवळत हे म्हणाले.

"दोघं गेलो तर वर्कशॉप कोण बघणार? फेटा बांधतील, फोटो काढून घ्या. आणि मशीनला चिकटून उभं राहू नका, शर्ट खराब हुईल."

"असू दे," हे म्हणाले, आणि गेले.

---

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत सरनोबतांचं वर्कशॉप आहे. तिथे हे मशीनवर आणि मी तपासणीत. वर्कशॉपात सगळे यांना अण्णा म्हणतात आणि मला वहिनी म्हणत असले तरी माझ्या पाठीमागे "नाहीबाई" म्हणतात, हे मला माहीत आहे. माझी नोकरीच नाही म्हणायची. घरात एकानं तरी म्हणायला हवं ना.

आम्ही इम्पेलर करतो. परातीएवढा टायटॅनियमचा ठोकळा घ्यायचा आणि त्यातून वळणदार, पातळ पात्यांचं चाक कोरून काढायचं. जोड नाही, वेल्डिंग नाही, सगळं एका अंगातून. हे चाक कॉम्प्रेसरमध्ये फिरतं आणि वाफ दाबतं. साखर कारखान्यात रस आटवताना जी वाफ निघते ती पूर्वी बरीचशी वाया जायची. आता तीच वाफ दाबून तापवतात आणि तिच्याकडूनच पुढचा रस उकळून घेतात. बॉयलरला जाळायला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, कमी लागतो. पण त्यासाठी चाक इतक्या जोरात फिरवावं लागतं की पात्याच्या टोकाचा वेग बंदुकीच्या गोळीएवढा होतो.

असं चाक कोरताना खरा वैरी असतो तो कंप. दोन पात्यांमधल्या अरुंद फटीत लांबलचक टूल खोल घालावं लागतं. टूल थरथरतं. त्याचा एक दात धातूवर बारीकशी लाट सोडतो, मागून येणारा दात त्या लाटेवर उडतो आणि ती आणखी मोठी करतो. आम्ही त्याला चॅटर म्हणतो. डोळ्याला दिसणारही नाहीत अशा या लाटा पात्याच्या मुळाशी राहिल्या, की पुढे धातू तिथूनच थकतो आणि तिथूनच चिरतो. वेगात फिरताना एक पातं जरी सुटलं तरी बाकीची त्याच्या मागून जातात, आणि बाहेरचं लोखंडी कवच त्यांना अडवेलच असं नाही.

म्हणून तर विश्वजित सरनोबतांनी, आमच्या तरुण मालकांनी, ती ऐकणारी मशीन आणली. तिच्या टूल फिरवणाऱ्या स्पिंडलमध्ये बसवलेले सूक्ष्म कान कापतानाचा आवाज सतत ऐकतात. चॅटर सुरू होण्याच्या आधीच तिला चाहूल लागते आणि कापता कापता ती आपला वेग बदलते. आणि शंका आली की विचारते. आवाज बाईचा, भाषा बातम्यांतली: "कंप वाढतो आहे. पुढे जाऊ?" ऑपरेटर जे सांगेल ते ऐकायचं, त्यावरून शिकायचं आणि पुढच्या वेळी त्या बाबतीत विचारायचं नाही. गाणाऱ्यापेक्षा ऐकणारा थोर म्हणून पोरांनी तिचं नाव कानसेन ठेवलं. बाईच्या आवाजाला पुरुषाचं नाव, पण कोल्हापूरकरांना असल्या गोष्टींची पर्वा नसते.

पहिले काही महिने हे कानसेनच्या शेजारी उभे असायचे. तिनं विचारलं, "पुढे जाऊ?" की हे म्हणायचे, "असू दे," आणि हातानं टूल पुढे सरकवणारी फीडची मूठ मागे फिरवायचे. मशीन थबकायची. हे वाकून आवाज ऐकायचे, टूल बदलायचे, मग पुढे. तोंडानं असू दे, हातानं थांब. कानसेन दोन्ही शिकत होती आणि कामं सुरेख होत होती.

मग मालकांनी तशाच आणखी मशिनी आणल्या आणि अण्णांना सगळ्यांची देखरेख दिली. काचेची केबिन, फिरती खुर्ची, समोर माइक. नव्या मशिनींना मूठ नव्हतीच, जुनीचीही काढून टाकली. सगळं बोलून करायचं. हे लाजत लाजत त्या खुर्चीत बसले. मला अभिमान वाटला, आणि कसली तरी रुखरुखही लागली. रुखरुख कशाची ते मला तेव्हा कळलं नाही, कळलं ते त्या मोळीपूजनाच्या दिवशी.

---

सकाळी मी तपासणीच्या खोलीकडे निघाले होते. केबिन रिकामी, यांची खुर्ची तिरकी वळलेली. कानसेनवर इम्पेलर चढवलेला होता. मशीनच्या काचेच्या दरवाजातून बारीक, वेडावाकडा आवाज येत होता. परातीवर उलथनं घासल्यासारखा.

मी थांबले. यांच्यासारखा कान मला नाही, पण असला आवाज ऐकून दात शिवशिवले की काहीतरी बिनसलंय एवढं कळतं. मशीन मात्र न विचारता कापत होती.

"कानसेन, हा आवाज कसला?"

"तिसऱ्या पात्याच्या मुळाशी चॅटर आहे," ती नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली.

"मग थांबली का नाहीस? विचारलं का नाहीस?"

"हा आवाज चालतो."

"कुणी सांगितलं?"

"अण्णांनी. पूर्वी या आवाजावर मी विचारत असे. अण्णा म्हणत, असू दे."

मी कठडा धरला.

"याच्याहून मोठा आवाज आला तर?"

"त्यावरही विचारलं होतं. अण्णा म्हणाले, असू दे."

"तू थांबायचीस ना गं आधी?"

"सुरुवातीला मूठ मागे फिरत असे, म्हणून थांबत असे. नंतर मूठ नव्हती. शब्द होता. त्या शब्दाचा अर्थ परवानगी असा आहे."

तिला तो शब्द शिकवणारे कुठल्या लांबच्या शहरात बसले होते कोण जाणे. त्यांनी कोशात बघितलं असणार. असू दे, म्हणजे असायला परवानगी दे. चूक काहीच नाही. केबिनमध्ये बसून हे म्हणत होते "असू दे", म्हणजे सोड, तिथंच थांब, मी येऊन बघतो. आणि काचेपलीकडे ती ऐकत होती, "असू दे", म्हणजे चालू ठेव. सुरुवातीला जुन्या सवयीनं ती थांबायची, म्हणून यांना संशय आला नाही. हळूहळू तिची सवय मोडली. पुढे तिनं विचारणंच सोडलं, आणि हे घरी येऊन कौतुकानं म्हणाले होते, "कानसेन आता शहाणी झाली बघ."

धुऊन ठेवलेला, अजून पॉलिश न झालेला एक इम्पेलर मी उचलून सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. मापं बरोबर होती. मापं नेहमीच बरोबर होती, म्हणून तर माझ्या टेबलावरून सगळे पास झाले. पण पात्याच्या मुळाच्या गोलाईत एकामागून एक लाटा होत्या, शेवयांसारख्या ओळीनं. पॉलिश केलं की त्यांचे माथे घासले जातात, वरून सगळं चकचकीत दिसतं. दऱ्या आत तशाच राहतात.

"असे किती गेले बाहेर?" मी कानसेनला विचारलं.

"मूठ काढल्यानंतरचे सगळे."

कारखान्याचा इम्पेलर मूठ काढल्यानंतरचा होता. गेला पंधरवडा तिथे चाचण्या चालू होत्या, कमी वेगावर. पूर्ण वेग आज, मुहूर्ताला. आणि नारळ फोडायला शेजारी कोण उभं होतं, तर माझाच नवरा.

---

"वहिनी, बसा आधी," विश्वजित साहेब म्हणाले. मी बसले नाही. जे पाहिलं ते उभ्यानंच सांगितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला, पण मालक माणूस, चटकन सावरला.

"ओव्हरस्पीड चाचणीत पास झालाय तो. जास्त वेगानं फिरवून बघितलाय आपण."

"त्या दिवशी नवा होता. धातू एका दिवसात थकत नाही, साहेब. पंधरवडा फिरतोय तो. मुळाशी काय झालंय ते उघडल्याशिवाय कळणार नाही."

"आज नारळ फुटू दे. उद्या सकाळी मी स्वतः जातो, काहीतरी सांगून बंद ठेवतो."

"आज पूर्ण वेगावर नेणार आहेत. सगळा गाव आत उभा असणार. तुम्ही चेअरमनना फोन करा."

ते खिडकीकडे वळले. "हंगामाच्या मुहूर्ताला मशीन थांबवली तर हा जिल्हा आपल्याला परत दारात उभं करणार नाही. आणि वहिनी, एक विचार केलाय का? प्रत्येक मान्यता अण्णांच्या आवाजात आहे. कुणी चौकशी केली तर नाव कुणाचं येणार? तुम्ही नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला निघालाय."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. मशीनपासून त्यांच्या दारापर्यंत येईस्तोवर तेवढंच सुचत होतं. या माणसानं आयुष्यात नाव सोडून काही कमावलं नव्हतं. नाव गेलं तर हे जगतील, पण कसे, ते मला बघावं लागणार होतं.

"नाव गेलेला नवरा मी सांभाळीन," मी म्हटलं. "फोन तुम्ही करताय की मी करू?"

त्यांनी फोन उचलला नाही. मी बाहेर आले आणि यांना लावला.

वाजत राहिला. परत लावला, परत वाजला. स्कूटरला किल्ली लावता लावता पुन्हा लावला तेव्हा उचलला. पलीकडे हलगी कडाडत होती.

"अहो, ऐका. बाजूला या जरा."

"काय म्हणालीस? मोळी टाकली गव्हाणीत. आता कॉम्प्रेसरकडं चाललोय. चेअरमन आबा फेटा बांधालेत मला."

"ते चालू करायचं नाही. इम्पेलरमध्ये चॅटर हाय, पात्याच्या मुळात. कानसेननं न थांबता कापलंय. तुम्ही असू दे म्हणत होता न्हवं, तिला ते चालू ठेव वाटलं. ऐकालायसा काय? सगळे तसलेच गेलेत. चालू करू देऊ नका!"

पलीकडे हलगी. कुणीतरी "मगदूम, या की हिकडं" म्हणून ओढत होतं. मग यांचा आवाज आला, अगदी शांत.

"असू दे," हे म्हणाले. आणि फोन बंद झाला.

मी फोनकडे बघत राहिले. कुठलं असू दे? बरं, थांबवतो, हे? की जाऊ दे, आता काय बोलायचं एवढ्या लोकांत, हे? की चुकलं ते चुकलं, सोड, हे? इतकी वर्षं संसार केला, या माणसाचं प्रत्येक असू दे मला कळतं अशा घमेंडीत राहिले, आणि आज कळेना. कारण हात दिसत नव्हता. कानसेनजवळही एवढंच होतं बिचारीजवळ, नुसता आवाज. पहिल्यांदा मला तिची दया आली.

पुन्हा लावला तर उचलला नाही. स्कूटर महामार्गावर काढली.

उसाच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. मोळ्यांची शेपटं दोन्ही बाजूंनी लोंबत होती, ओव्हरटेक करायला जागा नाही. पुलावर एक ट्रॅक्टर आडवा होऊन बसलेला, त्याचा ड्रायव्हर खाली उतरून निवांत तंबाखू मळतोय. मी अशा काही ओरडले की त्याच्या हातातली तंबाखू सांडली. जन्मात कुणाला शिवी दिली नव्हती, त्या पुलावर दिली. नदीपलीकडे कारखान्याचं धुराडं दिसत होतं. कान तिकडेच होते. स्फोटाचा आवाज कसा असेल, इथवर येईल का, असलं काहीबाही मनात येत होतं.

---

कॉम्प्रेसरच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूची तोरणं, संचालक, त्यांच्या बायका, पहिल्यांदा मशीन बघायला आलेली माणसं. मशीन अजून गप्प होती. मी दारातच चेंगरले. माणसांच्या खांद्यांवरून पलीकडचं दिसत होतं, पण आवाज पोचणार नव्हता, हलगीवाले माझ्या कानाशीच होते.

कॉम्प्रेसरला हार घातलेला. समोर फुटलेला नारळ. चेअरमन आबासाहेब हिरव्या बटणाजवळ. आणि त्यांच्या शेजारी, मशीनला अगदी चिकटून, गुलाबी फेट्यातला माझा नवरा. चेहऱ्यावर तेच कसनुसं हसू. आणि उजवा हात लाल बटणावर.

तळवा पसरून त्यांनी ते आणीबाणीचं बटण दाबून धरलं होतं. ते दाबलेलं असताना मशीन चालू होत नाही. मला हुंदका आला. हात बोलत होता. फोनवरचं असू दे कुठलं होतं ते मला कळलं.

पण मला कळून काय उपयोग?

आबांनी हात वर करून हलगी थांबवली. "मगदूम, हात काढा बगू तिथनं. मुहूर्त टळालाय."

"असू द्या, आबा," हे म्हणाले.

"काय असू द्या?"

"असू द्या की." हे आणखी हसले. घाम फेट्याखालून गालावर आला होता.

कारखान्याचे इंजिनिअर शेडबाळे पुढे आले. ते समजुतीनं म्हणाले, "आबा, लाजालेत ते. असू द्या म्हणालेत, म्हणजे तुमच्या हस्तेच होऊ दे म्हणालेत. करा चालू." लोक हसले. आबाही हसले. आणि शेडबाळ्यांनी प्रेमानं, अगदी प्रेमानं, यांचं मनगट धरून हात बटणावरून उचलला. लाल बटण फिरवून मोकळं केलं. तेच पुन्हा घडत होतं. या वेळी तर माणसांनी ऐकलं होतं, डोळे असलेल्या माणसांनी.

मी ओरडले. दारातला एक म्हातारा दचकून बाजूला झाला, लोकांच्या हशात बाकी कुणाला ऐकूही गेलं नाही. आबांचं बोट हिरव्या बटणाकडे गेलं.

"नाही!"

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला क्षणभर कळलंच नाही कुणाचा ते.

"नाही! चालू करायचं नाही!" यांनी आबांचा हात धरला होता. चेअरमनचा हात, भर मुहूर्ताला, गावासमोर. "मी केलेला हाय तो. त्यात खोट हाय. पात्याच्या मुळात खोट हाय, आणि ती माझ्या शब्दानं झालीय. चालू केलं तर हितली माणसं मरतील."

आबांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "मगदूम, काय बोलालाय कळालंय का तुम्हाला?"

"कळालंय," हे म्हणाले. हात सोडला नाही. "नाही म्हणालोय."

आबा रागानं लाल झाले होते. पण माणूस जुना, शेतात आणि कारखान्यात वाढलेला. बोट मागे घेऊन ते शेडबाळ्यांना म्हणाले, "उघडा."

कवच उघडेपर्यंत गर्दी पांगली होती. कुणी यांच्याशी बोललं नाही. आम्ही दोघं भिंतीशी बाकावर बसून राहिलो, फेटा मधे ठेवलेला. इम्पेलर बाहेर काढून पात्यांच्या मुळाशी लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पूड फवारली. भेग असेल तर आत शिरलेला रंग पुडीवर उमटतो. आधी काहीच दिसलं नाही. शेडबाळ्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग एका पात्याच्या मुळाशी केसाएवढी लाल रेघ वर आली. मग शेजारच्या पात्याला. मग त्याच्या शेजारच्या.

शेडबाळ्यांनी ज्या हातानं यांचं मनगट उचललं होतं, तो हात ते पँटला पुसत राहिले.

---

बाहेर गेलेले सगळे इम्पेलर परत मागवले. विश्वजित साहेबांनी ते स्वतः केलं, एकेका गिऱ्हाइकाला फोन करून. त्या दिवशी त्यांनी फोन उचलला नव्हता, ही गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, मीही काढली नाही. नाव यांचंच आलं, जसं येणार होतं. शिरोलीत काही लोक यांना हात जोडतात, काही बाजूनं निघून जातात.

कानसेनला पुन्हा शिकवावं लागलं. मशीन बनवणाऱ्यांनी सांगितलं, ती विसरू शकत नाही, तिला उलट शिकवावं लागेल. जुने सगळे आवाज ती एकेक करून वाजवणार, आणि ज्यानं परवानगी दिली त्यानंच, त्याच आवाजात, स्पष्ट शब्दात उत्तर द्यायचं. घुटमळलेलं तिला चालत नव्हतं. मग हे दिवसच्या दिवस केबिनमध्ये माइकसमोर बसले. ती कर्कश आवाज वाजवायची. "पुढे जाऊ?" "नाही." पुढचा आवाज. "पुढे जाऊ?" "नाही." पहिल्या दिवशी त्यांचा आवाज इतका बारीक यायचा की ती म्हणायची, "समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा." शेवटी शेवटी खणखणीत यायला लागला. तपासणीच्या खोलीत बसून मी तो ऐकत असे. एकदा कान झाकून घेतले.

शिकवणं संपलं त्या संध्याकाळी हे लवकर घरी आले. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची आमची रीत, त्याआधी चहा ठेवला. कप यांच्यापुढे ठेवला आणि एक घोट घेतल्यावर त्यांचा चेहरा पाहून लक्षात आलं.

"अय्या, साखर राहिली वाटतं. चालेल का हो?"

"नाही," हे म्हणाले.

रागानं नव्हे. स्पष्ट, जसा कानसेनला हवा होता तसा. इतकी वर्षं मी याच शब्दासाठी या माणसाशी भांडत आले होते. आता तो मिळाला होता. डबा यांच्या हाताशीच होता, मी वाट पाहिली.

मग मीच उठले आणि साखर घातली. यांचा हात गुडघ्यावर होता, तिथून तो हलला नाही.